काकांचं मोठं माप

आदरणीय ग्वान काका,

१. तुमच्या दुकानातलं लाकडी माप मी राळ्यांनी भरलं.
२. ते राजाच्या काशाच्या मापात ओतलं. मूठभर राळे जास्त झाले.
३. तुम्हाला सरहद्दीवर तटबंदीच्या कामाला धाडायचं ठरलं.

माप तपासायला मला कोणीच सांगितलं नव्हतं. अधिकारी राळे घ्यायला आला होता आणि राजाची मापं ओततात त्या ओतशाळेत शिकलेलं मला त्याच्यापुढे मिरवायचं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "ठेव गं ते, शहाणे! गिऱ्हाईक खूश आहे ना?" तरी मी मोजलंच.

अधिकारी म्हणाला, "पोरी, राज्यभर माप एकच. मोठं काय नि लहान काय, गुन्हा तोच."

काकूला मी सांगितलं की मोठ्या मापाबद्दल तुम्हाला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ते खरं नाही. नियम मला पाठ होता.

कैद्याला निरोप पोचवणाराही कैदेत जातो, म्हणून हे पत्र अजून माझ्याचकडे आहे. काकू तुमचा जाड अंगरखा शिवते आहे. तो द्यायला मी वेशीवर येऊ का, की तुम्हाला माझं तोंडही पाहायचं नाही? अमावस्येला तुम्हाला वेशीतून नेतील; त्याआधी कळवा.

तुमची पुतणी,
रुओ