लहानीचा पाहुणचार

शुक्रवार, सकाळी

रातभर डोळा लागला नाही. काल सासू शेजारनीले म्हने, "उद्या आमच्या लहानीचा पाहुणचार हाय." लहानी म्हंजे मीच.

आमच्या इकडं पाहुणचार घरून जाणाऱ्याचा करतेत, निरोपाचं जेवन. पुरणपोळी, वडे, कढी, वरतून वाटीभर तूप. मी त या घरची सून. मंग मले काहून?

मोठ्या जाऊचं नवऱ्यासंगं पटत नव्हतं. तिलेबी असंच वाटीभर तूप वाढलं, नवं लुगडं देलं अन् तिच्या माहेरी, दिग्रसच्या बसमधी बसवलं. लेकरू इथंच ठेवून घेतलं. ती परत आलीच नाही. बाळंतपणापासून मले झटके येतेत, आता माही पाळी.

नवऱ्याले इचारलं त म्हने, "चार घास गोड खाय ना, रडून कायले राह्यली?" पन माह्याकडं पाह्यलं नाही.

सासू तूप कढवून राह्यली. इथवर वास येते. माही छकुली तीन महिन्याची, अंगावर पिते. मी जेवनारच नाही. पन किती येळ नाही म्हनीन?

मोबाइल सासूपाशी हाय. हे ज्याले सापडन त्यानं माह्या माहेरी, बोरी अरब गावाले, माह्या दादाले फोन करा, नंबर मागच्या पानावर हाय. त्याले सांगा, मले एकटीले घ्याले येऊ नको, छकुलीलेबी संगं ने.