बादलीतला लाल ठिपका

इस्लापूर, श्रावणातला शुक्रवार, संध्याकाळ

घरमालक काका आज डोंगरावरून बादली घेऊन आले. बादलीत मिठाचं पाणी आणि तळाशी गोगलगायी. सगळ्या मेलेल्या.

"मॅडम, तुमचं काम हलकं केलं बघा. दोन महिन्यापासून एकट्याच फिरून राहिल्या तुम्ही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं अंथरलं, समद्या गोळा झाल्या."

सोयाबीनवरच्या गोगलगायी इथं अशाच मारतात. पण या त्या नव्हत्या. या फक्त त्या एका उतारावर, पाचोळ्याखाली राहतात, पिकाला तोंडही लावत नाहीत. एकीच्या शंखावर लाल ठिपका होता. माझ्याच नेलपॉलिशचा, ओळखू यावी म्हणून मीच लावलेला.

काकांवर कशी चिडू? खोली घेताना मी एवढंच म्हणाले होते, गोगलगायींवर काम करते. त्यांना वाटलं, मारायचं काम. मला ते कळलं होतं, तरी गप्प राहिले. वाचवायला आलेय म्हटलं असतं तर हसले असते. हसले असते तर काय बिघडलं असतं?

मिठातही तो लाल ठिपका गेला नाही.

"उद्या बी जाऊ का?" काकांनी विचारलं. त्यांच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या. मी नको म्हणाले, तर त्यांचा चेहरा पडला. खरं काय ते आजही सांगितलं नाही. इथं आल्यापासून माझ्यासाठी कुणी काही केल्याची ही पहिलीच वेळ होती.