कमळाची वाटी

महामायाताई, तुले आन् घरच्या साऱ्यांले जयभीम.

दाराचं तोरण, ताटावरचे रुमाल आन् बुद्धमूर्तीखाली अंथराचं क्रोशाचं कमळ, सोबत धाडलेलं हे सारं मी इथं नाशकात स्वतःच्या हातानं विणलं. कमळाचा नमुनाही मीच लिहिला. घडीघडी उसवला, तेव्हा पाकळ्या सपाट बसल्या.

तब्येत बरी हाय. पण वीट आला, ताई. कमळाचा नमुना मी दोऱ्याच्या दुकानात छापाले देला, तर तिथला शेठ म्हणे, "बाप्याचं नाव पाहून बाया नमुना घेत नाहीत, माझ्या बायकोचं छापतो." तेही मी गिळलं असतं. पण तो नमुन्यासंगं दोऱ्याचा पुडाही विकते, त्यात दोरा कमी घालता यावा म्हणून त्यानं टाके वाढवायची ओळच खोडली. तसं विणलं तर कमळाची वाटी होते, आन् विणणारीले वाटते, आपलाच हात वाईट.

तुझा गुडघा कसा हाय? तिकडं बीबी गावाले थंडी पडली का?

तुझा भाऊ नागसेन

ता.क. नमुना मी परत घेतला. शेठ पाच हजार देत होता.