ओट्याच्या जागी दोन खोल्या

कारेगाव, बुधवार, जानेवारी २००१

नव्या दोन खोल्या विटा-सिमेंटापेक्षा महाग पडल्या. त्यांच्यापायी चाळीच्या दारातला ओटा गेला. शिफ्ट सुटली की भाडेकरू तिथंच बसायचे. कंपनीत नवा आलेला माणूसही तिथंच टेकायचा, आन् खोलीचं विचारायचा. ओटा फोडताना हे मला का सुचलं नाही?

आज सगळ्यात जुने भाडेकरू शब्बीरमामा सामान बांधत होते. थांबा म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "जावा खुशाल. माझी खोली एक दिवस रिकामी राहत न्हाई."

मामा हसले. "खोल्या झ्याक हायत, शेठ. पण माणसानं बसायचं कुठं?"

ते गेल्यावर कान देऊन ऐकलं. दारादारामागं टीव्ही. ओट्याच्या जागी कुणीच बोलत नव्हतं.

त्या दोन्ही खोल्यांना बांधल्यापासून कुलूप आहे.