बाळीवेशीतला चीड

सोलापूर, बाळीवेस,
ता. १४ मे १९३३

सौ. हेमावती अक्काच्या पायांशी धाकट्या विरुपाक्षाचा नमस्कार. सिद्धेश्वरकृपेने आई आणि मी ठीक, फक्त उन्हाने भाजून निघालोय. तिकडे राणीखेतला जंगलखात्याचे डोंगर चढून भाऊजींचा गुडघा दुखत होता, तो कसा आहे? (आई रोज मलाच विचारते, जणू गुडघा माझ्याकडे ठेवलाय.)

तू लिहिलं होतंस की, चिडाच्या उंच झाडांच्या बनात डोळे मिटून बसलं की मैंदर्गीच्या रानात भरल्या ज्वारीतून वारा गेल्यासारखं वाटतं. तेव्हापासून मला आपला माळा आठवतोय. तू अर्धा वेळ पाखरं हाकायचीस आणि अर्धा वेळ मला. आईने ते पत्र सात वेळा वाचून घेतलं आणि तुझ्याकडून बी मागवलं.

ते दिवाळीनंतर परसात काळ्या मातीत पेरलं. पाच रोपं आली, डोक्यावर पानांऐवजी हिरव्या सुया. शेजारच्या ईरप्पांनी, हे झाड की दाढीचा ब्रश, असं विचारलं, तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. कौतुकाने ती दोन्ही वेळा घागरभर पाणी घालायची. (पाहुण्याला पाणी विचारू नये व्हय, म्हणे.) चार रोपं मुळाशी कुजली. मग गुरुलिंग माळ्याला आणलं. तो म्हणाला, हे डोंगराचं झाड, याला उताराची मुरमाड जमीन आणि अंगावर थंडी हवी. आपली काळी माती पाणी सोडत नाही. पाचवं रोप मुरमाच्या कुंडीत हलवलं. उन्हाळा लागल्यावर आईने त्यावर इरकली लुगड्याची सावली केली, दुपारभर विंझण्याने वारा घातला. (मी शेजारीच घामाने निथळत होतो.) परवा त्याच्या सुया तांबूस झाल्या, बोट लावताच गळल्या. आईने त्या पदरात वेचून घेतल्या. मग म्हणाली, "विरू, लेकबी अशीच लांबच्या मातीत दिली की रं. ती कशी जगली असंल?"



तुझा,
विरुपाक्ष

ता. क. आणखी बी पाठवू नकोस.

ता. क. दुसरा. झाड हितं येत न्हाय तर मीच तितं जाते, असं आईने काढलंय. तिने आगगाडी आजवर फक्त फाटकाबाहेरून पाहिली आहे. तिकडे फार थंडी असते, येऊ नका, असं तू ताबडतोब कळव. पत्र लिहिलं ते खरं याचसाठी.

ता. क. तिसरा. वरचं रद्द. तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली. सोमवारी निघतो. मी फारसं अडवलं नाही. तुला पाहून आठ वर्षं झाली अक्का, मलाही यायचंच होतं.