तांब्यावरचं नाव

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी,
जि. अहमदनगर
ता. १० डिसेंबर १९७२

चि. सौ. विजयमाला हिला,

राहीबाईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडं ठीक आहोत. तू, जावईबापू आणि छबू तिकडं कारखान्यावर सुखात असाल असं धरून लिहायला बसले आहे.

तुमच्या शेजारच्या उत्तमरावांच्या हाती एक पिशवी दिली आहे. ती आत्ताच उघडू नकोस. आधी पत्र वाच, आणि छबू शाळेत अन् जावईबापू कामावर असतील तेव्हाच वाच. माझं अक्षर तुला लागेल की नाही कोण जाणे. चौथीपर्यंत शिकले, पण त्यानंतर हातात पेन्सिलीपेक्षा चिंच आणि राखच जास्त आली.

इकडची हालहवाल काय सांगू? पाऊस नाही ते तुलाही माहीत आहे. विहिरींचे तळ दिसतात, निम्मं गाव खडी फोडायला जातं. आमच्या धंद्याला मात्र बरकत आली आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. बाया मोडीत घालायला हंडे-कळश्या घेऊन दुकानात येतात. "पानीच न्हाई, तर हंडा काय पुजायचा हाय?" असं म्हणून हसतात आणि पाठ फिरवून डोळे पुसतात. अशा वेळी मी मुद्दाम तराजूची दोरी नीट करत बसते. काही जणी मोड देऊन स्टील नेतात. स्टीलला कल्हई नको, घासणं नको. मी म्हणते, न्या बायांनो. चांगलं भांडं आलं की हे पोचे काढतात, मी घासून लख्ख करते आणि पुन्हा विकायला मांडते. कुणाच्या तरी लग्नात जातं. हल्ली तर पुण्याकडची हौशी माणसंही जुनं पितळ शोधत येतात.

यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, "तांब्या दिसतो, तू दिसतीस, आनखी काय बघायचंय?" बघ, तांब्या आधी आणि मी मागून!

तांब्याचा विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते. पण त्याआधी एक. तुझं लग्न झालं तेव्हा मी तुझ्या ओटीत खण-नारळ घातला आणि म्हटलं, मनकर्णा गेली, तिच्या जागी तू आलीस, आता तूही माझी लेक आणि हे तुझं माहेर. आपल्याकडची रीतच आहे ती. खरं सांगू? तेव्हा मी ते रीत म्हणूनच बोलले होते. माझ्या लेकीची चूल दुसरी कुणी पेटवतेय हे मला बघवत नव्हतं.

मागच्या खेपेला मी आले, तेव्हा छबूला पोटाशी धरून रडले. लेकरू घाबरलं. तुझ्या पदरामागं जाऊन लपलं आणि तुला विचारायला लागलं, "आई, ही कोण गं?" जावईबापू मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हात जोडून म्हणाले, "मामी, पोर आता कुठं रुळलीय. थोडे दिवस येऊ नका." थोडे दिवस म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माणूस वाईट नाही तो. छबू पाळण्यात होती आणि तिची आई, माझी मनकर्णा, तापात होती तेव्हा उशाशी बसून राहिलेला मी बघितला आहे. त्यांना काही बोलू नकोस.

आता ऐक. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं नगरला मोडीच्या वखारीत गेलो होतो. गावोगावचं जुनं तांबं-पितळ तिथं येऊन पडतं आणि मग भट्टीत जातं. भट्टीत जायच्या आधी ढिगातून चांगली भांडी निवडून आणायची, हा आमचा नेहमीचा उद्योग. ठोकलेल्या पराती, कान तुटलेल्या समया, असलं सगळं बाजूला करत होते आणि एक तांब्या हाताला लागला. आपलं माणूस अंधारातही अंगावरून कळतं, तसं झालं. फिरवून बघितला. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती.

"चि. सौ. कां. मनकर्णा हीस, आईवडिलांकडून."

ती अक्षरं यांच्या हातची. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात बसून छिन्नी-हातोडीनं कोरली होती, आणि मनकर्णा हळदीच्या अंगानं शेजारी उभी राहून यांना म्हणत होती, "दादा, रफार नीट काढा, न्हाईतर लोक मला मनकना म्हनतील." तिला अक्षरं भांड्यांनीच शिकवली. शाळेत नाव घालायच्या आधीपासून दुकानात बसून बोट फिरवत भांड्यावरची नावं वाचायची. गावातल्या सगळ्या आज्या-पणज्या तिला तोंडपाठ.

मी तिथं ढिगाऱ्यावरच बसले. आणि विजयमाला, मी तुला शिव्या दिल्या. अशा दिल्या की वखारीतले हमाल ओझी खाली ठेवून बघायला लागले. माझी लेक खाल्लीस, आता तिचं नावसुद्धा भट्टीत घातलंस, असं मी म्हटलं. तू तिला खाल्लं नाहीस, तापानं नेलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण दुःखाला समोर कुणीतरी लागतं.

घरी आणून घासायला घेतला तर आत तळाशी गव्हाचे दोन दाणे चिकटलेले. मी हात थांबवला. रिकामं भांडं दारातून बाहेर द्यायचं नाही, हे आपल्यात मुलींना शिकवावं लागत नाही. पण मोडीत घालायच्या भांड्यात दाणे कोण टाकतं? मी इतकी वर्षं मोड घेते, मला कुणी टाकून दिलेले नाहीत. म्हटलं, ही पोरगी टाकून द्यायला निघाली नव्हती. हिनं कुणाची तरी पाठवणी केली.

मग उत्तमरावांची कलाबाई माहेरी आली, ती इथलीच. तिला मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "राहीमावशी, छबूला शाळेत अक्षरं आली. रोज पानी पिताना तांब्यावर बोट फिरवायची, म, न, क करत. एक दिशी म्हनली, आई, मनकर्णा कोन गं? इजयमालाच्या हातातली भाकर हातातच ऱ्हायली. लई रडली मागनं. दुसऱ्या दिशी भांडीवाली आली, तिला देऊन टाकला."

मनकर्णा कोण. माझ्या नातीनं हे विचारलं. आणि उत्तर द्यायला मी तिथं नव्हते, असते तरी मला देता आलं नसतं.

कलाबाई गेल्यावर मी तांब्या फळीवर ठेवला. विकायला नव्हे, नुसता नजरेसमोर. चार दिवसांनी पुण्याची एक बाई आली, मोटारीतून. जुने डबे, अडकित्ते, पानपुडे असं काय काय घेते आणि दिवाणखान्यात मांडते. बाई चांगली आहे, भाव पाडून मागत नाही. तिची नजर नेमकी त्याच तांब्यावर. मी दुसरे दाखवले, याहून वजनदार, याहून सुबक. नको म्हणाली, नाव असलेलाच हवा, किती छान अक्षरं आहेत. मग तिनं विचारलं, "कोण होती हो ही मनकर्णा? तुम्हाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. कुनाची हुती कुनाला ठावं."

डोळ्यात टिपूस आलं नाही. आवाज हलला नाही. आत हे बसले होते, त्यांच्या हातातली हातोडी खाली पडली. तांब्या मी विकला नाही, ठरलेला आहे म्हणून सांगितलं. पण ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मला जमतं. माझ्या तोंडानं माझ्या लेकीला अनोळखी म्हणायला जमतं. आणि जमतंय तर छबूसाठी का नको?

मी यांना सांगितलं, नाव काढा.

दोन दिवस जेवले नाहीत. "म्या कोरल्यालं नाव म्याच पुसू व्हय? दुसऱ्याकडं दे." मी म्हटलं, दुसरा नुसतं पितळ घासेल, तुम्ही तिला सांभाळून न्याल. तिसऱ्या दिवशी सकाळी कानस घेऊन बसले. अक्षरं आधी हळूहळू ठोकून बसवली, मग घासली. आधी 'आईवडिलांकडून' काढलं. मग मागं मागं येत गेले. 'मनकर्णा' उरलं तेव्हा थांबले आणि मला म्हणाले, "जरा आत जा." मी आत गेले. चुलीपुढं बसून मी तो आवाज ऐकला. लेक जाळली त्या दिवशी बायकांना मसणात नेत नाहीत म्हणून मी घरी होते. या वेळीही तसंच झालं.

बाहेर आले तेव्हा तांब्या कोरा होता. यांनी विचारलं, "आता काय घालू?"

ते तुला पिशवी उघडल्यावर दिसेल. तरी सांगते. "चि. सौ. विजयमाला हीस, माहेरून." डोळ्याला नीट दिसत नाही, अंदाजानं कोरलं आहे, ओळ जरा वर चढली आहे. तेवढं चालवून घे. छबूला आता बोट फिरवू दे. वि, ज, य करत वाचेल आणि ओरडेल, "आई, तुझं नाव!" तुला उत्तर द्यावं लागणार नाही. तिच्या आईच्या तांब्यातलं पाणी मात्र तिच्या पोटात जात राहील. मला तेवढंच हवं होतं.

एक तुझ्यापासून लपवत नाही. पत्रा पातळ आहे. बाहेरून ठोकलेल्या जुन्या टिंबांचे आतून बारीक उंचवटे आले होते, ते राहिलेत. तोंड अरुंद, आत कानस चालत नाही, मोठ्या माणसाचा हातही जात नाही. छबूचा जाईल. घासताना तिला खरखर लागेल, पण वाचता काही येणार नाही, उलटी अक्षरं असतात ती. घाबरू नकोस. मोठी झाल्यावर कधी तिला सांगावंसं तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. तो हक्क तुझा. रात्री उठून तिला पांघरूण तू घालतेस, मी नाही.

तुझ्यावरचा राग गेला का विचारशील तर गेला. दुःख गेलेलं नाही. ते कुठं जाणार?

आता जे लिहायला बसले ते लिहिते, इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत टाळलं. मला छबूला बघायचं आहे. आजी म्हणून नाही. संक्रांतीच्या आधी मी तुमच्या कॉलनीत येईन, डोक्यावर पाटी घेऊन, इतर भांडीवाल्या येतात तशी. तुझ्या दारापुढं हाक देईन. तू मला ओळख दाखवू नकोस. चांगली घासाघीस कर, मला चढ्या आवाजात बोल, मी पण बोलेन. मग एखादं जुनं लुगडं छबूच्या हाती देऊन तिला पायरीपर्यंत पाठव. मी तिला एक फुलपात्र देईन, पाण्याचं, तिच्या हातात मावेल एवढं. नाव न घातलेलं. तिच्या बोटांना माझी बोटं लागतील तेवढी लागतील, आणि मी उठून पुढच्या दाराला जाईन.

मी रडणार नाही. यांना बरोबर आणणार नाही, त्यांचा भरवसा नाही. आणि तिनं तुला विचारलं, आई, ही कोण गं, तर तुला या वेळी अडायला नको. काय सांगायचं ते खाली सहीतच लिहून देते.

तांब्यात गूळ-शेंगदाणे घातले आहेत. रिकामा पाठवला नाही. छबूला दे.

तुझ्या दाराशी येणारी,
भांडीवाली राहीबाई