थंड पाण्याच्या टाकीपाशी

बाबा, आपली नात नागपुरात मोठ्या इमारतींना गार ठेवणारे पाणी सांभाळते. रात्री वीज स्वस्त असते, तेव्हा यंत्रे पाणी थंड करून तीन मजली घराएवढ्या टाकीत साठवितात. दिवसा ते नळांतून इमारतींत फिरते, तेथील उष्णता घेऊन परत येते आणि पुन्हा थंड केले जाते. ते कोणी पीत नाही. कोणाच्या खोलीतून फिरून आले, हेही कोणी विचारीत नाही. मी चौथीच शिकलो, तरी एकदा सांगताच मला हे समजले आणि तिचा अभिमान वाटला.

गेल्या महिन्यात तिने मला टाकी दाखविण्यास नेले. बालाघाटहून निघताना मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. टाकीच्या पायथ्याशी पाणी तपासण्यासाठी लहान तोटी आहे. तिने स्टीलचा पेला भरून माझ्यापुढे धरला. "धरून तं पाहा बाबूजी, कसा बरफावानी लागते!" मी पेला घेतला नाही. मी वाकलो, ओंजळ केली आणि वरून पाणी पडण्याची वाट पाहत राहिलो.

तिचा सहकारी ओरडला, "काकाजी, पीना मत, दवाई है इसमें!" ती तर खळखळून हसली. "तीर्थ घेऊन राह्यले का बाबूजी? आपल्यात कधीपासून?" मीही हसलो. दुसरे काय करणार?

लहानपणी, आपण कामाला होता त्या उकव्याच्या खाणीवर मी आपली भाकर घेऊन येत असे. माठ झाडाखाली आहेत. आपण दूर थांबला आहात. पाणी वाढणारा येतो, तोवर आपण मला शिकविता, "वाक. हात खाली धर. भांड्याले लागू नको." मी विचारतो, "काहून?" आपण म्हणता, "पी, अन् चाल." घरी पोहोचेपर्यंत आपण माझ्याकडे पाहिले नाही.

मुलगी जन्मली तेव्हा मी ठरविले, ही गोष्ट माझ्यापाशीच संपेल. तिला बुद्धवंदना शिकविली, शाळेत घातले, ताठ मानेने बोलावयास शिकविले. हे मात्र शिकविले नाही. जी गोष्ट इतकी वर्षे जिभेवर येऊ दिली नाही, ती हातांनी क्षणात सांगून टाकली.

आज ती सुट्टीवर आली आहे. सकाळीच तिने विचारले, "तशी ओंजळ काहून केली होती?" मी म्हणालो, सवय. "कशाची सवय, बाबूजी?" मी वर्तमानपत्र उघडले.

आता ती चहा घेऊन आली. "कोणाले लिहून राह्यले?"

"तुझ्या आजोबांना."

"हौ? मंग मले वाचू द्या नं."

मी कागदावर हात ठेवला. मला भीती वाटली, बाबा. त्या टाकीपाशी ती जशी हसली, तसे माझ्याकडे पाहून ती पुन्हा हसणार नाही, याची.